कोनाड्यात आलेला मुलूख

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्यांना, शेतात मोबाईलवर रेडिओ लावून ऐकणाऱ्यांना, आणि "काय गं लावलंय हे" म्हणत कान मात्र इकडंच ठेवणाऱ्या सासूबाईंनाही नमस्कार.

आजचा विषय घर सजवण्याचा. पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत हे सांगणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, ते त्यांच्याकडं सोडू. आमच्या बचत गटांच्या बैठका आळीपाळीनं एकेकीच्या घरी होतात. त्यामुळं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली पुष्कळ घरं आम्ही आतून पाहिलीत. गंमत अशी, की आमचा हा मुलूख कोरडा. खटाव, माण, आटपाडी, जत म्हटलं की लोक दुष्काळच आठवतात. पण घरात शिरावं तर कोनाड्यात केरळचा दिवा, भिंतीवर काश्मीरचं कोरीव काम, माळ्यावर कुठल्या तरी लढाईतून परत आलेली ट्रंक! हे सगळं आलं कुठून, कुणी आणलं आणि आता त्याचं काय होतंय, हे आज बोलू.

पूर्वीच्या घरात फर्निचर नावाची गोष्ट नव्हती. जातं, उखळ, उतरंड, कणगी, एखादी घडवंची आणि बाज. बसायला पाट नाहीतर घोंगडं. झोपाळा वाड्यात, आणि वाडे गावात दोन-चार. बाकी वस्तू खुंटीवर टांगलेल्या किंवा भिंतीतल्या कोनाड्यात नि फडताळात. सजावट व्हायची ती देव्हाऱ्यात. म्हणून बाहेरच्या मुलखातली पहिली वस्तू आपल्या घरात आली ती देवाच्या वाटेनं. पंढरीहून तुळशीची माळ आणि बुक्का, जेजुरीहून भंडारा. आणि काशीला जाऊन सुखरूप परत आलेल्या माणसाबरोबर गंगेचा गडू.

हा गडू आमच्या मते घरातला सगळ्यांत मानाचा प्रवासी. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला. आगगाडी येण्याआधी काशीला जायचं म्हणजे महिनोन्‌महिने पायी किंवा बैलगाडीनं. मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली ती १८५३ साली, आणि तिथून काशीपर्यंत रूळ पोचायला आणखी वर्षं गेली. गेलेला माणूस परतेलच याची खात्री नसे. परतला की मावंदं घालायचं, गावाला जेवण द्यायचं. मग तो गडू देवघरात बसायचा आणि घरातल्या कुणाच्या तरी शेवटच्या घटकेला उघडायचा. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. १८५७ च्या धामधुमीत सापडून, झाशीची लूट पाहून ते कोकणात वरसईला परतले. कमावलेला पैसा वाटेत लुटला गेला. गंगेची कावड मात्र घरी पोचली.

देवघरातली वस्तू देवाची. मग बाईच्या हौसेच्या वस्तू कुठं मांडायच्या? त्यासाठी चैत्रगौर होती. चैत्रात गौर बसवायची, पायऱ्या करून वर पांढरं कापड टाकायचं आणि घरात असेल नसेल ते मांडायचं. बाहुल्या, लाकडी फळं, शंख-शिंपले, कुणी कोकणातून आणलेलं, कुणी रामेश्वरहून आणलेलं. मग आंब्याची डाळ आणि पन्हं घेत बायका एकमेकींची आरास निरखायच्या. "हे कुठलं गं?" हा प्रश्न त्या दिवशी हमखास. भाद्रपदातल्या गौरीपुढंही तेच. संग्रहालय हा शब्द आपल्याकडं रुळण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्या वर्षातून एकदा घरातच संग्रहालय भरवत होत्या, असं आम्हाला वाटतं. फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नाही.

सगळ्याच वस्तू भक्तीनं किंवा हौसेनं आल्या असं नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहायला आपण सहली नेतो. तिथं कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा काढून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला अशाच घंटा आहेत. म्हणजे विजयाची आठवण म्हणून आणलेली वस्तू. आमच्यातल्या एकीनं ती मेरी पाहून पहिल्यांदा विचारलं होतं, "ही यशोदा का?" आम्ही तिला हसलो नाही. कडेवर मूल घेतलेली बाई कुठल्याही मुलखातली असली तरी ओळखीचीच वाटते.

आता खुर्चीकडं येऊ. आपल्याकडं वेताची खुर्ची फार घरांत नाही, पण जिथं असते तिथं ती महाबळेश्वरहून आणलेली असते आणि ओसरीवर मानानं मांडलेली असते. महाबळेश्वर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. १८२९ साली साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यात करार झाला, महाबळेश्वर इंग्रजांकडं गेलं आणि तिथं साहेबांची थंड हवेची पेठ वसली. माल्कम पेठ हे नाव त्यावरूनच. साहेब डोंगरावर राहायला आला, पण त्याला बसायला खुर्ची हवी आणि जेवायला त्याच्या भाज्या हव्यात. यासाठी राबले कोण? १८३४ च्या सुमारास इंग्रजांनी तिथं एक तुरुंग बांधला आणि त्यात ठेवले चिनी आणि मलायी कैदी. मलाक्का, पेनांग, सिंगापूर या इंग्रजांच्या पूर्वेकडच्या ठाण्यांत ज्यांना शिक्षा झाली त्यांना जहाजात घालून समुद्रापार आणलं आणि सह्याद्रीच्या माथ्यावर बसवलं. सकाळी त्यांनी बागांत राबायचं, बटाटे आणि भाजीपाला पिकवायचा. उरलेल्या वेळात ते वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणायचे. हा तुरुंग १८६४ साली बंद झाला. तिथल्या एका धबधब्याला आजही 'चायनामन' म्हणतात, तो त्यांच्याच बागांवरून.

आम्ही महाबळेश्वरला किती वेळा गेलो असू! स्ट्रॉबेरी खाल्ली, चणे घेतले, वेताची काठी घेतली. पण वेत विणणारे ते हात कुठून आले होते, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. साहेबाचं नाव पेठेला मिळालं. कैद्यांच्या वाट्याला धबधबा आला आणि त्यातही एकाचं म्हणून नाव नाही.

या सगळ्यात ज्याला खरोखर हौस होती आणि दृष्टीही होती असा माणूस म्हणजे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९०९ साली ते गादीवर आले. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्काराचे तर वेडेच. संस्थान तसं लहान आणि सलगही नाही. औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं, विजापूरकडचा गुणदाळ भाग आणखी लांब. आज त्यातलं औंध साताऱ्यात येतं आणि आटपाडी, कुंडल सांगलीत. या राजानं देशात फिरून, युरोपचाही प्रवास करून वस्तू जमवल्या. राजा रविवर्म्याची चित्रं, जुन्या कांगडा नि मोगल शैलीतली लहान चित्रं, हस्तिदंत आणि चंदनाचं कोरीव काम, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती. अजिंठ्याची चित्रं विटत चालली आहेत हे पाहून चित्रकार सोबत नेऊन त्यांच्या नकला करवल्या आणि १९३२ साली त्यावर पुस्तकही काढलं.

आता एवढं सगळं जमवल्यावर राजेलोक काय करतात? दिवाणखाना भरतात आणि पाहुण्यांना दाखवतात. बाळासाहेबांनी यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर, इमारत बांधली आणि १९३८ साली सगळ्या वस्तू तिथं मांडल्या. तेच श्री भवानी चित्रसंग्रहालय. देवीला जाणारी बाई चढ चढता चढता दम खायला थांबते आणि आत डोकावते, अशी ती जागा. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यानं या राजानं संस्थानचा कारभारच लोकांच्या हाती दिला. आम्हाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

त्या संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडाचं 'आई आणि मूल' आहे. मूर म्हणजे विसाव्या शतकातला जगातला मोठा शिल्पकार. त्याची कामं लंडन-न्यूयॉर्कला पाहायला लोक तिकीट काढून जातात, आणि एक काम आमच्या खटाव तालुक्यात, जोंधळ्याच्या रानाशेजारच्या डोंगरावर आहे. बघायला जाल तेव्हा एवढंच करा, नाक-डोळे शोधत बसू नका. आईनं मूल कसं धरलंय ते बघा. बाकीचं आपोआप दिसतं.

राजाचं झालं, आता शिपायाचं. आणि मैत्रिणींनो, आम्हाला खरं सांगायचंय ते इथून पुढचंच.

साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. त्या युद्धात मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमारा इथं महिनोन्‌महिने वेढ्यात उपाशी राहून १९१६ च्या एप्रिलमध्ये फौजेला शरण जावं लागलं, त्यातही मराठे होते. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका आणि इटली. स्वातंत्र्यानंतर काश्मीर, नेफा, सियाचीन. ज्या बाईनं उभ्या जन्मात सातारा शहर दोनदा पाहिलं, तिच्या तोंडी बसरा आणि बगदाद ही नावं असायची, ती यामुळं.

या शिपायांच्या बरोबर घरी आली ती काळी ट्रंक. पत्र्याची, कडेला पट्ट्या, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली. आमच्या भागात ही ट्रंक म्हणजे पहिलं फर्निचर. तिच्यावर वाकळ टाकली की बैठक झाली. दोन ट्रंका शेजारी ठेवल्या की दिवाण झाला. एकीवर एक ठेवल्या की वर आरसा आणि फणी. आत नवऱ्याचा युनिफॉर्म, पेन्शनची कागदं, मेडल, लग्नातला शालू आणि डांबराच्या गोळ्या. पुढं वर टाकायला बायकांनी दोसुतीवर भरतकाम करून कव्हरं शिवली. मोर, पोपट, 'सुस्वागतम्'. कव्हरामुळं नंबर झाकला जायचा, म्हणून काही जणी पुढची बाजू मुद्दाम उघडी ठेवायच्या. पाहुण्याला ते नाव दिसायला पाहिजे, म्हणून.

ट्रंकेबरोबर आणखीही यायचं. तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी कवच, घासून लखलखीत करून त्यात कागदाची फुलं. अक्रोडाच्या लाकडाचं लहान टेबल, चिनारची पानं कोरलेलं. नागा शाल, आसामचा गमछा, जैसलमेरकडचा उंट. हे टेबल आमच्याकडं कधी टेबल म्हणून वापरलं गेलं नाही. त्यावर टीव्ही बसला, टीव्हीवर रुमाल आणि रुमालावर उंट.

एक गोष्ट बोलावी की नको असं वाटत होतं, पण बोलतो. काही घरांत ट्रंक आली आणि माणूस आला नाही. पलटणीनं सामान पाठवलं, त्यात साबणाची वडी, दाढीचं सामान, अर्धं लिहिलेलं पत्र. अशी ट्रंक बैठकीच्या खोलीत नसते. ती आतल्या खोलीत असते आणि तिच्यावर कुणी बसत नाही. बैठकीला गेल्यावर आम्ही सवयीनं कुठंही टेकतो, पण अशा घरात कुणी तरी हळूच हात धरून बाजूला बसवतं.

मुंबईला गिरणीत गेलेल्यांचंही सांगायला हवं. तिथून यायच्या काचेच्या कपबशा, चिनी मातीच्या बरण्या, टोल देणारं भिंतीवरचं घड्याळ, गिरणीतलं कापड. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, माणसं हळूहळू गावी परतली आणि ती घड्याळं पुष्कळ घरांतून विकली गेली.

लोखंडी कपाट आणि खाटेची गोष्ट मात्र घरचीच आहे. कुंडलजवळच्या माळावर औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. नांगर तर केलेच, पुढं लोखंडी फर्निचरही केलं. तिथूनच १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. घर कसं असावं, स्वयंपाकघरात उजेड कुठून यावा, बाईनं बसून काम का करू नये, असल्या गोष्टी छापून यायला लागल्या त्या आमच्या सांगली जिल्ह्यातल्या माळावरून, हे आम्ही जरा तोऱ्यातच सांगतो.

आणि शेवटी गलाई. खानापूर, विटा, आटपाडी, खटाव, माण या भागांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जुना दागिना आला की मुशीत घालून वितळवायचा, तेजाबानं शुद्ध करायचा, टंच काढायचा. रान पिकत नव्हतं म्हणून एक गेला, त्यानं भावाला नेलं, भावानं मेव्हण्याला. १९७२ च्या दुष्काळानं तर गावंच्या गावं हलली. आज त्रिचूर, कोइमतूर, मदुराई, कोलकाता, कुठंही सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत आपल्याकडचं कुणीतरी भट्टीपुढं बसलेलं सापडेल.

त्यांच्या घरांत केरळची पितळी समई असते; आपल्या समईपेक्षा उंच, तिला तिकडं निलविळक्कू म्हणतात. उरुळी नावाचं पसरट भांडं असतं. तिकडं त्यात पायसम शिजवतात, इकडं त्यात पाणी घालून झेंडूची फुलं सोडतात. तंजावरची मान डोलावणारी बाहुली, चन्नपट्टणची लाखेची खेळणी, बंगालचा शंख. आमच्या मैत्रिणी या वस्तूंची नावं त्या त्या भाषेतच घेतात. लग्न होऊन सतराव्या-अठराव्या वर्षी कोइमतूरला गेलेली पोरगी, दुकानावरच्या दोन खोल्यांत खाली भट्टीचा धूर सोसत राहिली, कामगारांचे डबे केले, बाजारात जाऊन तमिळ शिकली. तिच्या शोकेसमधल्या बाहुलीकडं बघताना हे आठवावं. गडी धंद्यासाठी गेला हे सगळे सांगतात. बाई गेली आणि तिनं तिथं घर चालवलं, हे सांगणारी ती बाहुलीच काय ती.

या मंडळींनी गावाकडं बंगले बांधले. काही अगदी तिकडच्यासारखे, कोरीव लाकडी दाराचे. वर्षातले दहा-अकरा महिने त्यांना कुलूप. सोफ्यावर चादर, झोपाळ्याच्या कड्यांना गंज, आणि मागच्या जुन्या खोलीत सासू-सासरे. जत्रेला दार उघडतं, चार दिवस दिवे लागतात. एवढं सजवलेलं घर आणि बघायला कुणी नाही!

आता या वस्तूंचं होतं काय ते सांगतो. जुनं घर पाडून स्लॅबचं घर होतं तेव्हा पहिला बळी यांचा. पितळ वजनावर जातं. ट्रंक भंगारात किलोवर. शहरातून गाडी घेऊन येणारे व्यापारीही आता फिरतात. जुनी समई, घडवंची, कोरीव दार, सगळं उचलतात आणि बदल्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांचा संच देतात. तीच समई पुढं एखाद्या हॉटेलच्या दारात शोभेला उभी राहते. व्यवहार ठरतो तेव्हा बाई आत चहा ठेवत असते. तिला कुणी विचारत नाही, कारण वस्तू "घरच्या" असतात. घासूनपुसून चाळीस वर्षं राखल्या तिनं, पण विकायचा शब्द तिचा नाही. आमच्या गटात कर्जाच्या हप्त्यासाठी विकलेल्या वस्तूही आहेत. त्यावर आमचं काही म्हणणं नाही, पोट आधी. पण हप्त्याची अडचण असेल तर भंगारवाल्याच्या आधी गटाला सांगा, एवढं तरी करा.

विकायची नसेल आणि जागाही नसेल, तर काही साध्या गोष्टी. वेताच्या खुर्चीची बैठक खाली गेली असेल तर उलट्या बाजूनं कोमट पाण्यानं चांगली भिजवा आणि सावलीत वाळवा. वेत बराचसा ताणून बसतो. पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ, पण लगेच धुऊन कोरडं पुसा. ट्रंकेचा गंज काथ्यानं घासा, खोबरेल तेलाचा हात द्या, आणि काहीही झालं तरी वरचा पांढरा नंबर रंगवून टाकू नका. त्या नंबरावर आणि पलटणीच्या नावावर माणसाचा माग लागतो. शोकेसमध्ये दाटी करण्यापेक्षा चैत्रगौरीला एकेक वस्तू काढून मांडा, पोरांना विचारू द्या, "हे कुठलं?"

आणि आम्ही एक वही केलीय. शंभर पानी, साधी. एका पानावर एक वस्तू. कुठली, कुणी आणली, कधीच्या सुमाराला, कशी आली, आणि राखली कुणी. शेवटचा रकाना आम्ही मुद्दाम घातला. 'कुणी आणली' या रकान्यात सासऱ्यांची, दिरांची, नवऱ्यांची नावं भराभर येतात. 'राखली कुणी' पाशी आल्यावर बायका आधी थांबतात, एकमेकींकडं बघतात आणि मग हळूच स्वतःचं नाव सांगतात. अलीकडं पहिल्या रकान्यातही बायकांची नावं येऊ लागलीत. गटाची सहल गणपतीपुळ्याला गेली होती, तिथून एकीनं शंख आणला; दुसरी लेकीच्या बाळंतपणाला मदुराईला गेली होती, तिनं कोलमची पावडर पाडायचा डबा आणलाय आणि आता दारात रोज तिकडची रांगोळी काढते.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्या ज्या जणी येणार असतील त्यांनी घरातली एकेक वस्तू बरोबर आणा. लहानच आणा. ट्रंक उचलून आणू नका. त्यासाठी वही घेऊन आम्हीच तुमच्याकडं येऊ.